तारेवरचे दोन ठोके

मित्रांनो, मला सरळ धरलंत तर मी काही विशेष दिसत नाही. काचेची नळी, आत पारा, अंगावर बारीक रेघा, बस्स. मला जे सांगायचं असतं ते मी उलटा झाल्यावर सांगतो. मी एक जुना तापमापक आहे. तापलेल्या माणसाच्या काखेत जाणारा नव्हे, समुद्राच्या पोटात जाणारा.

माझ्या गळ्याशी नळीला एक बारीक वळण आहे. खोल पाण्यात नेऊन मला डोकं खाली, पाय वर केलं की त्या वळणाशी पाऱ्याचा धागा तुटतो. तुटला की तुटला. मग वरच्या कोमट पाण्यातून मला कितीही ओढा, खाली जो आकडा घेतला तोच मी वर आणतो. वाटेत बदलत नाही.

मला उलटं करायची रीतही ऐका. मला एका पितळी बाटलीला बांधतात, बाटली लोखंडी तारेला अडकवतात आणि लाँचवरच्या विंचने, म्हणजे तार गुंडाळायच्या चरकाने, ती खाली सोडतात. ऐंशी मीटर तार गेली की वरून तिच्यावर एक पितळी वजन सोडतात. त्याला सगळे निरोप्या म्हणतात. निरोप्या घसरत खाली येतो, बाटलीचा खटका टक्कन उडवतो, बाटली कलंडून तारेवर धप्पकन आदळते आणि माझी कोलांटी होते. अशा हजारो कोलांट्या मी मारल्या आहेत, तरी दर वेळी वाटतं, या खेपेला काच तडकणार. मी जात्याच भित्रा आहे, आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातून मी एकटा निघालो नव्हतो. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ होता. फरक एवढाच, की माझी बाहेरची काच दोन्हीकडून बंद आणि त्याची एका टोकाला उघडी. त्यामुळे खोल पाण्याचा दाब त्याच्या अंगावर यायचा आणि त्याचा पारा माझ्यापेक्षा थोडा जास्त चढायचा. आमच्या दोघांतल्या फरकावरून माणसांना कळायचं, की आम्ही नेमके किती खोल उलटलो. मी आकडा सांगायचो आणि तो माझी साक्ष द्यायचा.

तेव्हा विंचवर अण्णा होते. आमची नावं त्यांनीच ठेवली. मी उलटराव आणि भाऊ दाबराव. त्यांनी आमच्यासाठी लाकडाची पेटी केली, आत दोन खाचा कोरल्या आणि खाचांना मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावलं. निरोप्या सोडला की अण्णा तळहात तारेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. खालून दोन ठोके आले, एक खटक्याचा आणि एक बाटली आदळल्याचा, की म्हणायचे, "उलटराव उलटले!" एकच ठोका आला तर समजायचं, की बाटली आधीच कुठेतरी हिसक्याने कलंडली होती आणि निरोप्या नुसताच जाऊन आपटला.

ते दिवस मानाचे होते. शाळेतली मुलं रांगेने आम्हाला बघायला यायची. मग विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. ते सगळ्या खोलीचं तापमान एका दमात सांगायचं. आमची रवानगी समुद्राची मोजणी करणाऱ्या आमच्या कचेरीतल्या सर्वांत खालच्या खणात झाली, तीही पेटीशिवाय, कारण पेटीत कुणीतरी किल्ल्या ठेवायला लागलं होतं. एके दिवशी कुणाला तरी पेचकस हवा होता. त्याने खण खसकन ओढला, मागचा कागदांना भोकं पाडायचा जड पंच घरंगळत आला आणि दाबरावाच्या अंगावर बसला. महिनाभर कुणाला पत्ताही नव्हता. मी त्याच्या शेजारी पडून होतो, पाऱ्याचे थेंब कागदांखाली लोळत होते. त्याविषयी याहून जास्त मला बोलवत नाही.

पुढे ते नवं यंत्र दुरुस्तीला गेलं ते गेलंच. मग माझी आठवण झाली. किल्ल्या काढून पेटी रिकामी केली, मला पुसलं आणि पुन्हा लाँचवर नेलं. आता विंचवर अण्णांचे धाकटे भाऊ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. मोजणीची वही सांभाळायला एक बाई होत्या. हुशार, कामाला वाघ, पण कायम घाईत. बाटलीचा खटका एव्हाना झिजला होता. लाटेचा हिसका बसला की ती वरच्या वरच कलंडायची आणि मी खोलवरचा आकडा आणण्याऐवजी वरच्या पाण्याचाच आणायचो. त्या मोसमात असं चारदा झालं. बाई आकड्यावर आडवी रेघ मारायच्या आणि बाजूला लिहायच्या, 'लवकर उलटला'. माझी साक्ष द्यायला दाबराव नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगतो. दूर समुद्रात चक्रीवादळ उठलं होतं आणि ते तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या किनाऱ्याला लागणार होतं. कचेरीतल्या साहेबांचा अंदाज होता, की येईपर्यंत त्याचा जोर ओसरेल.

तो अंदाज काही वेडगळ नव्हता. वादळ कोमट पाण्यावर पोसतं. पण वादळच पाणी ढवळतंही. बादलीत खाली गार पाणी आहे आणि वर नुसता हातभर कढत पाण्याचा थर आहे असं समजा. हात घालून ढवळलंत की सगळं गार. तसं वादळ खालचं थंड पाणी वर आणतं आणि आपल्याच चुलीवर पाणी ओततं. आमच्या समुद्रात दर वर्षी असंच व्हायचं. ऐंशी मीटरवरून मी बावीस-तेवीस अंश आणायचो. पण बादली तळापर्यंत कढत असेल तर? मग कितीही ढवळा, वादळाची चूल विझत नाही, उलट भडकते. आणि ही खालची गोष्ट आकाशातून काढलेल्या फोटोत दिसत नाही. त्यात फक्त वरची साय दिसते.

त्या सकाळी मी ऐंशी मीटरवर गेलो आणि घाबरलो. खाली गारवा नव्हताच. वरच्या पाण्यात पारा एकोणतीस अंशांच्या फक्त एक रेघ पुढे होता आणि इथे खाली पूर्ण एकोणतीस. कोमट पाण्याचा एक भला मोठा भोवरा फिरत फिरत आमच्या किनाऱ्याजवळ येऊन बसला होता आणि वरून कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. निरोप्या आला, टक्, धप्प, मी उलटलो. एरवी वर जायला मी नाखूष असतो. त्या दिवशी वाटलं, ओढा लवकर, सांगू द्या मला!

बाईंनी मला भिंगाखाली धरलं.

"एकोणतीस? ऐंशी मीटरवर? काहीतरीच!" त्या म्हणाल्या. "मामा, पुन्हा वरच्या वर उलटला हा."

मामा तारेवरचा हात पुसत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"आणखी एकदा सोडू का, बाई?"

बाई हो म्हणणारच होत्या, तेवढ्यात वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. बंदर बंद होतंय, लाँच ताबडतोब परत आणा. बाईंनी माझ्या आकड्यावर रेघ मारली. पेनाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. अहो बाई, एका रेघेचा फरक बघा ना, मी मनात ओरडत होतो. वरचं पाणी आणि हा आकडा तंतोतंत सारखा नाही हो! पण काचेला कंठ कुठला?

घाईघाईत पेटी बंद करताना तिची कडी निखळली. मामा म्हणाले, "अण्णाकडून बसवून आणतो," आणि मला बगलेत मारून घरी घेऊन गेले.

त्यांचं घर खालच्या आळीत, समुद्रापासून दगड मारला तर पोचेल इतकं जवळ. दोन वर्षांपूर्वी अण्णा शिडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र तसेच कामाचे. दारालगतच्या खाटेवर पडून ते शेजाऱ्यांची कुलपं आणि पंखे दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी दोनदा वादळाची सूचना आली आणि दोन्ही वेळा सगळी आळी टेकडीवरच्या शाळेत गेली. दोन्ही वेळा चार थेंब पडले. दुसऱ्या खेपेला शाळेच्या पायऱ्यांवर खाट तिरकी झाली, अण्णा घसरले आणि बरगडी मोडली. तेव्हापासून त्यांनी सांगून टाकलं होतं, "आता काय व्हायचं ते इथेच होऊ दे. मला पुन्हा सामानासारखं उचलायचं नाही." आळीतले बाकीचेही म्हणायचे, अण्णा जात नाहीत तर आपण कशाला जायचं?

अण्णांनी पेटी मांडीवर घेतली, मला बाहेर काढलं आणि उजेडाकडे धरलं.

"काय उलटराव, म्हातारे झालात." मग मामांकडे वळून त्यांनी रोजचा प्रश्न विचारला, "आज दोरावर ठोके किती आले, धाकट्या?" तारेला ते दोर म्हणायचे.

"दोन," मामा चहाचा कप धुता धुता म्हणाले.

"आणि आकडा?"

"तो काय विचारू नकोस. एकोणतीस. वरच उलटला म्हणून बाईंनी खोडला."

अण्णांच्या हातातला छोटा स्क्रू खाली पडला.

"ठोके किती म्हणालास?"

"दोन. एक खटक्याचा, एक बाटलीचा."

"मग वर कसा उलटेल रे, गाढवा? वर उलटला असता तर खालून एकच ठोका आला असता! हे तू बाईंना सांगितलंस?"

मामांनी कप पालथा घातला. मग हळूच म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही. शिकलेल्या आहेत त्या. म्हटलं, माझ्याच हाताला भास झाला असेल."

"इतकी वर्षं तार धरलीत आणि भास?" मामांच्या बायकोने आतून आवाज दिला. "मला तर चहात साखर कमी पडली की लगेच ऐकवता!"

कुणी हसलं नाही. अण्णांनी मला परत खाचेत ठेवलं. शेजारच्या रिकाम्या खाचेवरून, दाबरावाच्या जागेवरून, त्यांचं बोट फिरलं. मग त्यांनी दाराबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं.

"आकडा खरा असेल," ते म्हणाले, "तर मला जावं लागणार." मग एकदम ओरडले, "बसलास काय? ऊठ! बाईंकडे पळ. कडी राहू दे, सुतळी बांध पेटीला."

मामा पळाले. बाई जेवणाचं ताट वाढून घेत होत्या. मामांनी दारातच सगळं सांगितलं, एका श्वासात, उलटसुलट. बाईंनी ऐकलं, आणि मित्रांनो, त्या माझ्याशी कितीही घाईत वागल्या असल्या तरी त्यांची ती गोष्ट मी विसरणार नाही. त्यांनी ताट तसंच झाकलं आणि चपला घातल्या.

साहेब कचेरीतच होते. टेबलावर नकाशे आणि फोटो पसरलेले.

"बाई, आकडा तुम्हीच खोडलात ना?" साहेब म्हणाले.

"मीच खोडला. मामांना न विचारता खोडला. चूक माझी आहे."

"आणि आता यांच्या तळहातावर भरवसा ठेवून मी सातशे माणसं हलवू? गेल्या वर्षी दोनदा तोंडघशी पडलोय. हे तिसऱ्यांदा खोटं ठरलं तर चौथ्यांदा कुणी जागचं हलणार नाही. तेव्हा खरं वादळ आलं म्हणजे?"

ते चिडून बोलत नव्हते. त्यांनाही भीतीच वाटत होती. बाई म्हणाल्या, "म्हणूनच उद्या उजाडताच एकदा बाहेर जाऊ द्या. एक फेरी. दोन खोलींवर मोजते. चुकले तर मी स्वतः आळीत जाऊन सगळ्यांची माफी मागेन."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नऊच्या आत परत या," ते म्हणाले. "त्यानंतर मी वाट बघत बसणार नाही, तुमच्या शोधाला दुसरी होडी पाठवेन."

दुसऱ्या दिवशीचा समुद्र मला आवडला नाही. वारा फारसा नव्हता, पण लांबून लांबून मोठाल्या लाटा येत होत्या, तेलकट, गुळगुळीत. लाँच वर जायची आणि तिथून खाली बघवत नसे. माझी एकच काळजी होती, झिजलेला खटका. आज जर हिसक्याने मी खरोखरच वर उलटलो तर? मग कालचा आकडाही खोटाच ठरणार. अण्णा तिथेच राहणार आणि त्यांच्यामागे सगळी आळी. इतक्या वर्षांत माझा जीव असा टांगणीला लागला नव्हता. मामांनी खटक्याला एक जुनं रबर गुंडाळलं, हात जोडले आणि मला सोडलं.

खाली जाताना मी प्रत्येक लाट मोजत होतो. तार ताणायची, सैल पडायची, पुन्हा ताणायची. धर, मी खटक्याला म्हणत होतो, बाबा रे, एवढ्या वेळी धर.

वर बाईंनी स्वतःचा हात तारेवर ठेवला होता. मामांनी निरोप्या सोडला आणि मोजायला लागले. वीस झाले, पंचवीस झाले.

टक्. धप्प.

"दोन," बाई म्हणाल्या. "मामा, दोन आले! स्पष्ट!"

मी एकोणतीस आणला. लगेच शंभर मीटरवर गेलो. पुन्हा दोन ठोके, आणि आकडा अठ्ठावीसच्या थोडा वर. बाईंनी तो तीनदा वाचला. आता शंकेला जागाच नव्हती. अठ्ठावीसचं पाणी त्या दिवशी वर कुठेच नव्हतं, ते मी खालूनच आणलेलं होतं. शंभर मीटरपर्यंत सगळी बादली कढत होती. बाईंचा चेहरा पांढरा पडला. वायरलेसवर त्यांनी आकडे सांगितले तेव्हा पलीकडून साहेबांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाले, "आळी रिकामी करायला घेतो."

परत धक्क्याला लागताना एक जबर लाट आली. लाँच धक्क्यावर आदळली, पेटीची सुतळी तुटली, कडी तर नव्हतीच. मी बाहेर फेकला गेलो आणि दगडावर पडलो. माझ्या बाहेरच्या काचेचं टोक उडालं. मामांनी मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. "अरेरे, उलटराव," एवढंच म्हणाले आणि धावत सुटले.

त्यामुळे पुढचं सगळं मी मामांच्या खिशातून ऐकलं. खालच्या आळीत गोंधळ होता. लोक दारांत उभे होते, पण कुणी पाऊल उचलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे अण्णांच्या घराकडे.

"खाट नको," अण्णांचा आवाज आला. "खाट शाळेच्या पायऱ्यांवर तिरकी होते. दार काढा!"

"दार?"

"घराचं दार, रे! बिजागऱ्या मीच बसवल्यात, चार स्क्रू आहेत. दारावर घाला मला आणि दोरीने बांधा. आणि जोरात ओरडत न्या, सगळ्यांना दिसू दे मी निघालोय ते."

चौघांनी त्यांना दारावर बांधून उचललं. अण्णा वाटभर एकेका घराला नावाने हाका मारत होते, शिव्याही देत होते. त्यांच्यामागे आळी निघाली. सूर्य डोक्यावर यायच्या आत शेवटचं घर रिकामं झालं.

वादळ तिसऱ्या दिवशी सकाळी आलं आणि ते ओसरलेलं नव्हतं. आदल्या रात्रभर त्याने आमचं कोमट पाणी पिऊन घेतलं होतं. शाळेच्या वर्गात माणसं बाकांखाली दाटीवाटीने बसली होती. छप्पर कण्हत होतं, लहान मुलं रडत होती, मोठी माणसं रडत नव्हती एवढंच. बाई दर थोड्या वेळाने डोकी मोजत होत्या. अण्णा दारावर आडवे, एक हात मामांच्या खिशावर, म्हणजे माझ्यावर. मीही घाबरलो होतो, पण मोडका असल्यामुळे कदाचित थोडा कमी.

पाणी ओसरल्यावर लोक खाली गेले. आळी नव्हती. अण्णांच्या घराच्या जागी पायरीचे दोन दगड होते आणि त्या घरातलं म्हणावं असं एक दार शाळेत उरलं होतं. बाईंनी त्या दिवशी शेवटचं एकदा डोकी मोजली. सातशे बारा. कुणीही कमी नव्हतं. मग मात्र त्या भिंतीकडे तोंड करून खूप रडल्या.

काही महिन्यांनी एक कोरा करकरीत तापमापक आला. मला वाटलं, चला, पुन्हा खण. पण बाईंनी मला दाबाच्या टाकीत घालून तपासलं, वेगवेगळ्या दाबाला माझा पारा किती चढतो ते टिपलं आणि माझं नवं कार्ड केलं. बाहेरची काच फुटल्यामुळे आता पाण्याचा दाब माझ्या अंगावर येतो. एकट्याने खरं तापमान सांगणं मला यापुढे जमणार नाही. पण तो नवा पोरगा आकडा घेतो आणि मी त्याची साक्ष देतो, की बाबांनो, हा खरोखर ऐंशी मीटरवरच उलटला.

अण्णांनी त्या दाराच्या लाकडातून नवी पेटी केली. दोन खाचा, जाड अस्तर आणि चांगली दणकट कडी. मला उचलून त्यांनी डावीकडच्या खाचेत ठेवलं. ती दाबरावाची बाजू. मी आयुष्यभर उजवीकडे झोपलो होतो.

"इथे बसा आता," अण्णा म्हणाले. "ही जागा फार दिवस रिकामी होती."

मित्रांनो, मला अजूनही भीती वाटते. समुद्र दर वर्षी थोडा जास्त कोमट लागतो, हे मी खाली जाऊन बघतो आहे. म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. जुनी वस्तू खणात टाकाल तेव्हा तिच्या जोडीदारासकट आणि पेटीसकट नीट ठेवा. आणि एखादा आकडा पटला नाही तर खुशाल शंका घ्या, पण त्याच्यावर रेघ मारण्याआधी तार कुणाच्या हातात होती ते बघा, आणि त्याला विचारा, किती ठोके आले? मामांना आता बाई रोज विचारतात.